माझ्या वाटणीची क्षमा

दादा, काल राघो आला होता.

तू म्हणशील, यात नवं ते काय, तो दर बाजाराच्या दिवशी येतोच. नवं आहे. तेच सांगायला बसले आहे. पण तू समोर असतास तर दुसऱ्याच वाक्याला "कळलं गो, कळलं" म्हणून उठला असतास. सरळ ऐकून घेणं तुझ्या रक्तातच नव्हतं. म्हणून आता पहिल्यापासून सांगणार आहे, आणि तुला उठून जायची सोय नाही.

महाडहून पाळकसाहेबांचा निरोप आलाय, ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी शांतवन मास्तरांवर, म्हणजे तुझ्यावर, चार शब्द लिहून द्या. जन्म कुठला, शिक्षण कुठे, पोलादपुरात सेवा किती वर्षं. शेवटी त्यांनी आपणच घालून दिलंय, "स्वभाव शांत व क्षमाशील". मी विसरेन अशी भीती वाटली असणार. त्या "शांत"पाशीच मी अडले. आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठणारा माणूस तू, तुझा स्वभाव शांत? क्षमाशील मात्र होतास. त्याला कोण नाही म्हणेल? इतका क्षमाशील होतास की मला त्याची धास्ती वाटायची. तर पाळकसाहेबांना चार शब्द दुसरं कुणीतरी देईल. हे तुझ्यामाझ्यातलं आहे, हे मासिकात जायचं नाही.

तुला भांडण अंगावर वागवताच येत नसे. तुडीलला होतो तेव्हापासून. कुणी तुझ्यावर अन्याय केला की तुला आत कसंतरी व्हायचं, आणि ते कसंतरी होणं थांबवायला तू झटकन माफ करून टाकायचास. एखाद्यानं पायात मोडलेला काटा न बघताच वर पट्टी बांधावी तसं. इथे पोलादपुरात आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात, माझं लग्न व्हायच्या आधी, तुला पाणवठ्यावरून हाकललं. किरिस्तावांनी इथे घागर बुडवायची नाही म्हणाले. ज्यानं हाकललं त्याला तू घरी पोचायच्या आत क्षमा करून मोकळा झालास. घागर मात्र रिकामीच आली होती. ती भरायला उन्हातान्हात नदीपर्यंत मी गेले. तेव्हाच तुला म्हणायचं होतं, दादा, तुझी क्षमा माझ्या डोक्यावरून वाहते आहे. म्हटलं नाही. तू दमलेला दिसत होतास.

आता राघोचं. वरच्या वाडीचा राघो, ज्याच्या शेतातल्या राबाच्या आगीत माझे यजमान गेले. हे सगळं तुला पाठ आहे हे ठाऊक आहे मला. तरी माझ्या तोंडून ऐक. तू मंडळीत सांगायचास ती गोष्ट आणि घडली ती गोष्ट, यात फरक आहे.

महाडात तळ्याच्या पाण्यावरून डोकी फुटली, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ह्यांनी वाडीवर कुडाची खोपी बांधली होती, वर गवताचं छप्पर. शनिवारी चढून जायचं, रविवारी चार माणसं जमतील त्यांच्याबरोबर उपासना, सोमवारी अक्षरं गिरवून घ्यायची आणि संध्याकाळी खाली. राघोचा मुलगा गुणाजी तिथे येऊन बसायला लागला. तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं, लग्नही ठरत होतं. राघोचं डोकं फिरलं. पोरगा बाटणार, घरच्या देवाला दिवा कोण लावणार. दोनदा त्यानं ह्यांना वाटेत गाठून बजावलं, खोपी उचला. हे हसले. रागावलेल्या माणसापुढे हसू नये हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी पुष्कळ सांगून बघितलं होतं, पण बायकोचं ऐकतंय कोण.

खोपीच्या खालीच राघोचा तुकडा. वैशाखात त्यानं तिथे राब रचला. भाताचं रोप टाकायची जमीन आपल्याकडे भाजूनच घेतात, शेण, पाला, वाळक्या डहाळ्या आणि वर मातीचा थर देऊन. त्या दिवसांत सगळे डोंगर धुमसत असतात आणि तरी कुणाचं घर जळत नाही, कारण राब पेटवायची रीत ठरलेली आहे. वारा पडला की पेटवायचा, आणि वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूनं पेटती चूड लावायची. म्हणजे आगीला वाऱ्याच्या तोंडावर चालावं लागतं, ती मुंगीच्या पावलानं सरकते, आणि माणूस हिरवी फांदी घेऊन तिच्यामागे फिरू शकतो. वाडीवरच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. त्या दिवशी आग धावली. खोपीवर गेली. आत हे हिवतापानं पडले होते, सोमवारी उतरायची ताकद नव्हती म्हणून राहिलेले. वाडीवरची माणसं सगळी रानात.

तू महाडला गेला होतास. डोलीतून खाली आणले ते मी बघितले. केळीच्या पानांवर निजवून खोबरेल लावत होते आणि कुठे हात लावावा ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मरताना त्यांनी क्षमेचा शब्द काढला नाही. शापाचाही नाही. पाणी मागितलं, तेवढंच. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तू उपदेशात सांगायला लागलास की आनंदरावांनी शेवटच्या श्वासाला सर्वांना क्षमा केली. लोक डोळे पुसायचे. तू तिथे नव्हतास, दादा. मी होते.

वाडीचं म्हणणं एकच, वारा फिरला. फौजदार आला, त्यानंही तेच लिहून घेतलं. तुला विचारलं तर तू म्हणालास, आमची तक्रार नाही.

आणि माती द्यायच्या वेळी राघो आला. मूठभर माती हातात धरून मी उभी, अजून टाकली नव्हती. तो कुंपणापाशी मुंडासं काढून उभा राहिला. तू त्याच्याकडे चालत गेलास. त्यानं तोंड उघडलं, "मास्तर, मी..." आणि तू त्याला मिठीच मारलीस. "काही बोलू नकोस, राघो. प्रभूच्या नावानं तुला क्षमा आहे. आमच्या सगळ्यांकडून."

सगळ्या पोलादपुरानं ते बघितलं. आठवडाभर गावात तेवढीच बोलणी, काय माणूस आहे, काय ते काळीज. ज्यांनी पाणवठ्यावरून हाकललं होतं ते तुला हात जोडायला लागले. आणि मी मात्र त्या "सगळ्यां"मध्ये फुकट खपले. नवरा माझा गेला आणि क्षमा करून तू मोकळा झालास. मी रडले तर लोक म्हणत, मास्तरांकडे बघ. मी गप्प राहिले तर म्हणत, ही मनात धरून बसलीय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्याच आठवड्यात आपण भांडलो. मी विचारलं, माझ्या नावानं बोलायचा हक्क तुला कुणी दिला? तू म्हणालास, मी माझ्या वाटणीची केली, तू तुझ्या वाटणीची कर. मग त्याला तसं सांग, मी म्हटलं, की अजून अर्धीच झालीय. तू म्हणालास, क्षमा अर्धी नसते. मग हळूच म्हणालास, "पोटात घाल गो, रूथ."

मी म्हटलं, माझं पोट एवढं मोठं नाही. तू हसलास आणि पांघरूण घेऊन आडवा झालास. ते भांडण तिथेच राहिलं. पुन्हा कधी उभंही राहिलं नाही आणि मिटलंही नाही.

मग राघोचं येणं सुरू झालं. दर बाजाराला लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन यायचा आणि पायरीखाली बसायचा. त्याची लाकडं मी चुलीत घातली नाहीत. वळचणीला रचून ठेवली, वाळवीनं खाल्ली. तुला ते दिसत होतं. तो आपला सुरू करायचा, "मास्तर, माजं जरा आयका," आणि तुझा हात वर. "झालं ते गेलं, राघो. देवानं पाठीमागे टाकलंय, तू कशाला उकरून काढतोस? तुला क्षमा आहे." तो मान हलवायचा, चहा घ्यायचा, जायचा. पुढच्या बाजाराला परत हजर. मला वाटायचं, याला चटक लागलीय. कुणाला तपकिरीची लागते, याला तुझ्या माफीची.

त्यानं राब भाजणंच सोडलं होतं. रोपं पिवळी पडायची, भात निम्म्यावर आलं, वाडीवरचे हसायचे. तो जळका तुकडा तर आजतागायत कुणी पेरत नाही. तिथे तिन्हीसांजेला हाक ऐकू येते म्हणतात, अवसेला नारळ ठेवतात. मी तुला सांगितलं तर तू भडकलास. मेलेला माणूस हाका मारत नसतो, म्हणालास, असलं काही या घरात बोलायचं नाही.

गुणाजी मुंबईला गिरणीत गेला. त्याची बायको अडली तेव्हा मला न्यायला वाडीवरून माणूस आला होता. तुला वाटलं, मी जाणार नाही. मी पिशवी उचलली आणि निघाले. आडवं आलेलं मूल होतं, दोन जीव हातातून जाता जाता राहिले. राघो अंगणात बसून होता. मी हात धुतले आणि त्याच्याकडे न बघता उतरले. तू घरी वाट बघत होतास. म्हणालास, "रूथ, हातानं तू क्षमा केलीस. आता तोंडाची राहिलीय." मी म्हटलं, हात सुइणीचे आहेत, कुणीही बोलावलं तरी जातात. तोंड माझं आहे. तू कंदील उचलून आत गेलास आणि मला फार बरं वाटलं, शेवटचा शब्द माझा राहिला. क्वचितच असं व्हायचं.

एक गोष्ट मात्र आपण दोघांनीही कधी बोलून दाखवली नाही. दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना, जिथे आपण दुसऱ्यांना क्षमा केल्याचं देवाला सांगतो, तिथे मी तोंड मिटायचे. तेवढ्या वाक्यापुरती. पुढचं परत म्हणायचे. देवापुढे खोटं बोलायचं नाही एवढंच माझ्या हातात होतं. तू समोर उभा राहून प्रार्थना चालवायचास, मूठभर माणसं, माझा आवाज थांबलेला तुला ऐकू येत नसेल असं कसं होईल? पण तू कधी थांबलाही नाहीस आणि वळून बघितलंही नाहीस. त्या वाक्याला तुझा आवाज जरा मोठा व्हायचा. माझ्या वाटचंही तूच म्हणत होतास का रे?

मग तुझी छाती भरली. औषधं केली, शेक दिले, डॉक्टर आणला. बोलताना तुला धाप लागायची. शेवटच्या दिवशी दुपारी तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "रूथ, राघोला..." मी म्हटलं, आधी औषध घे. तू घेतलंस. मग डोळा लागला, आणि मग काही नाही.

राघोला काय, दादा? माफ कर? परत पाठवू नकोस? चहा दे? तुला शेवटी शेवटी काही वेगळं वाटायला लागलं होतं का? तुझ्या त्या अर्ध्या वाक्यानं माझा पिच्छा पुरवलाय. भाकरी थापताना ते येतं, केर काढताना येतं. मेलेला माणूस हाका मारत नाही म्हणालास ना? मग भर दुपारी ओटीवरून "रूथ" कोण म्हणतं? मी ओ देते. खरंच देते, आणि मग दाराशी येऊन बघते. शेजारीण म्हणते, मास्तरांचा जीव कशाततरी अडकलाय. मी तिला झापलं. घरात आले आणि वाटलं, खरं असेल तर?

आणि राघो काही थांबला नाही. तुला माती दिली, पुढच्या बाजाराला हा पायरीखाली. मी दार लावून घ्यायचे. तो दिवस कलेपर्यंत बसायचा आणि उठून जायचा. आत तुझा आवाज आणि बाहेर हा. गेलेला जाईना आणि आलेला उठेना, मी मध्ये कोंडलेली. भीती वाटायची, दादा. मला, जिला कशाची भीती वाटत नाही असं तू सगळ्यांना सांगायचास.

काल सगळ्या डोंगरांवर राब पेटले होते. धूर खाली गावात उतरला होता. या दिवसांत मी खिडक्या लावून घेते हे तुला ठाऊक आहे. तरी तो वास येतोच. राघो येऊन बसला, आणि का कोण जाणे, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दार उघडून मी त्याच्यावर तोंड टाकलं. मास्तर मेले, म्हटलं. तुला माफ करणारा माणूस मातीत गेला. आता कुणाकडे येतोस? या घरातून आणखी काय न्यायचं राहिलंय तुझं? बोल बोल बोलले. आणि त्या तावात, आजवर कुणीच विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

"त्या दिवशी झालं तरी काय, राघो?"

तो वर बघायला लागला. मला वाटलं, आता येईल तेच, वारा फिरला.

"वारा नाय फिरला, बाय," तो म्हणाला. "वारा खालनं वरच व्हता. मी खालच्या अंगानं चूड लावली."

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. दुपारचा वारा दरीतून वर चढतो. खालून पेटवलं की आग वाऱ्यावर बसून वर जाते. वर खोपी होती. रीत त्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक, जन्म त्यात गेलेला.

मग तो सांगत गेला. खोपी जाळायचीच होती. आत कुणी नाही असं त्याला वाटलं होतं, सोमवारी हे उतरतातच. छपरानं पेट घेतला आणि आतून हाक आली. मी विचारलं, काय हाक? त्यानं तोंड फिरवलं. मी पायरी उतरून त्याच्यासमोर उभी राहिले आणि पुन्हा विचारलं.

"राघो, म्हनून," तो म्हणाला. "माजं नाव घेतलं. दोनदा."

"आणि तू?"

"पाय नाय उचलला. मनात आलं, जळू दे. एवढुसाच येळ, बाय. मंग धावलो. तवर छप्पर खाली आलं व्हतं."

दादा, ह्यांनी शेवटी हाक मारली ती त्याला. मला नाही, देवाला नाही. जो पेटवून उभा होता त्यालाच हे मदतीला बोलावत होते.

मला त्याला मारावंसं वाटलं. ओटीवर मुसळ होतं, माझी नजर गेली त्याच्यावर. पण मी मुसळाकडे पाठ केली आणि पायरीवर बसले. तोही बसलेला, मीही बसलेली, मध्ये हातभर अंतर. मग तो म्हणाला की तो इतकी वर्षं हे सांगायलाच येत होता. "मास्तरांनी आयकलंच नाय. माफ केलं, माफ केलं. कशाची माफी दिली ती त्यांना म्हाईत नव्हती. मला म्हाईत व्हती." तू दर वेळी "राघो, तुला क्षमा आहे" म्हणायचास ना? त्यातलं "राघो" तेवढं त्याला ऐकू यायचं, ह्यांच्या आवाजात. चहा घशाखाली उतरायचा नाही, तरी पिऊन जायचा, मास्तरांना वाईट वाटेल म्हणून.

कालपर्यंत मला वाटत होतं, आपल्याला अपघाताची क्षमा करायची आहे आणि तेवढीही आपल्याच्यानं होत नाही, काय ही माझी भक्ती. आता अपघात गेला आणि हे समोर आलं. पळून जावंसं वाटलं. नाही म्हणावंसं वाटलं, आणि मी नाही म्हटलं असतं तर कुणी मला बोल लावला नसता. पण मी उठले असते तर तो पुढच्या बाजाराला परत आला असता, दादा, आणि त्याच्या पुढच्या. मी मरेपर्यंत, नाहीतर तो मरेपर्यंत. मी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. म्हातारा झालाय.

मी त्याला म्हटलं, ही चूक नव्हती, हे पाप होतं. मी ते विसरणार नाही. गुणाजी लावणीला घरी येईल तेव्हा तू हे आपल्या तोंडानं त्याला सांगायचं. तो म्हणाला, सांगन. पुढचं वाक्य जिभेवर येईना, जड झालं. देवाला म्हटलं, तू धक्का दे, मला नाही जमत. आणि मग म्हटलं:

"राघो, मी तुला क्षमा करते. माझ्या एकटीची. देवाची देवाकडे माग. ह्यांची ह्यांच्याकडे, ती मी कशी देऊ?"

तो म्हणाला, "खरंच केलात, बाय?"

मी म्हटलं, मनात अजून काही आलेलं नाही. शब्द दिलाय. मन मागून येईल तेव्हा येईल. तेव्हा तो रडला, गुडघ्यात डोकं घालून, आवाज न करता. मग उठून गेला. माझ्याकडे त्यानं वळून बघितलं नाही, ते बरंच झालं.

तू सांगायचास तशी शांती वगैरे काही उतरली नाही. जीव हलका झाला नाही. रात्रीचं जेवण गेलं नाही. आज सकाळी उठले तर राग आपला जागच्या जागी, चुलीपाशी येऊन बसलेला. पीठ मळता मळता पुन्हा म्हटलं, केली आहे मी, केली आहे. दुपारी भांडी घासताना ती हाक आठवली आणि पुन्हा म्हणावं लागलं. असंच चालणार आहे हे दिसतंय. तुझी एका मिठीत व्हायची, माझी रोजची आहे, दळणासारखी.

आणि आता उरलास तू.

तुझ्यावर मी रागावले आहे, दादा. त्याच्यावर रागावले त्याहून जास्त, कारण तो परका होता. तो पाप घेऊन तुझ्या दारात आला आणि तू ते ऐकून न घेता त्याच्याच घशात परत घातलंस. माझं दुःख माझ्या हातातून काढून घेऊन तू त्याचं पुण्य केलंस. तुझ्या चांगुलपणात आम्ही दोघं इतकी वर्षं कुजलो, एक पायरीखाली आणि एक दाराआड, आणि गाव तुला हात जोडत होतं. तुला हे कुणी सांगितलं नाही, कारण तू कुणाला सांगू देत नव्हतास.

आणि तरी ह्यांच्यामागे मला घरात घेतलंस ते एका शब्दानं न दाखवता. सासरचे म्हणाले, आम्हाला भार नको, तर तू म्हणालास, ती माझी बहीण आहे, भार कसला. तेरा गावच्या बाळंतिणींकडे मी रात्री-अपरात्री जायचे तेव्हा लोक बोलायचे, त्यांची तोंडं तू बंद केलीस. ह्यांना माती दिल्यावर कितीतरी दिवस मी अळणी रांधत होते, माझं लक्षच नव्हतं, आणि तू, मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा, सगळं मुकाट्यानं जेवलास. मला ते पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं, शेजारणीकडून. दादा रे, तुझ्यासारखा भाऊ कुणाला नसेल. म्हणूनच हे इतकं लागतं.

तुझ्याकडून मला ऐकायचं होतं. चुकलो गो, एवढंच. तू म्हटलं असतंस तर मी दोन दिवस फुगून बसले असते आणि तिसऱ्या दिवशी आपलं ठीक झालं असतं. ते आता व्हायचं नाही. दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय क्षमा करू नये, हे मी कालच शिकले. आणि आज तुझ्या बाबतीत मला नेमकं तेच करायला लागतंय, तू मागितलेली नसताना, तुझा एक शब्द कानावर आलेला नसताना.

केली, दादा. रागासकट केली.